लोखंड टिकते, रबर थकते

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर पाच मिनिटे उभे राहा. दहा-पंधरा वर्षांची बोलेरो, सुमो किंवा स्कॉर्पिओ दिसली नाही असे सहसा होत नाही. एखादी वडाप करते, एखादी दुधाचे कॅन वाहते, एखादी सरपंचांच्या दारात धूळ खात उभी असते. या गाड्यांचा जन्मही इथलाच. टाटा सुमो 1994 साली पुण्याच्या कारखान्यातून आली. तिचे नाव टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून ठेवलेले. महिंद्राची बोलेरो 2000 साली आणि स्कॉर्पिओ 2002 साली नाशिकहून रस्त्यावर आली. सुमोचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, जुन्या स्कॉर्पिओची इंजिने कंपनीने कधीच बदलली, तरी या गाड्या पळताहेत आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळताहेत.

त्या इतक्या टिकतात याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा असतो. या गाड्यांना ट्रकसारखी शिडीच्या आकाराची जाड चासी असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांची सगळी जोडणी चासीवर बसते आणि बॉडी वरून रबरी माउंटवर बोल्टने आवळलेली असते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक भाग सुटा करून बदलता येतो. जुनी डिझेल इंजिने सावकाश फिरणारी आणि वजनदार. वेळच्या वेळी ऑइल बदलले तर त्यांनी तीन लाख किलोमीटर ओलांडले तरी गॅरेजमध्ये कोणाला नवल वाटत नाही.

तरीही अशा गाडीच्या मालकाला दर महिन्याला कोणी ना कोणी सांगतेच, ‘आता इंजिनचे काम निघाले.’ पंप-नोझल काढा, हेड खोला, बोअर-पिस्टन टाका. खर्च पन्नास हजारांच्या घरात जातो आणि पुष्कळदा मूळ तक्रार तशीच राहते. याचे कारण असे की, गाडीचे वय दोन मापांनी वाढते. एक माप किलोमीटरचे. ते लोखंडाला लागू पडते: पिस्टन, बेअरिंग, गिअरचे दात. दुसरे माप वर्षांचे. ते रबराला, गाडीतल्या द्रवांना आणि विजेच्या जोडांना लागू पडते, मग गाडी चालो की उभी राहो. पंधरा वर्षांच्या गाडीत पहिल्या मापाची झीज पुष्कळदा सोसण्याइतकी असते. दुसऱ्या मापाची झीज मात्र सगळीकडे पसरलेली असते आणि ती इंजिनच्या मोठ्या आजाराचे सोंग आणते. म्हणून जुन्या गाडीचा दोष शोधताना आधी रबर, मग पाणी, मग तार बघावी. लोखंड सगळ्यात शेवटी.

सकाळची कुरकूर

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘सकाळी चालू व्हायला त्रास देते.’ ही एक तक्रार नसून तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. चावी फिरवल्यावर नुसते ‘टक’ होते आणि सेल्फ फिरतच नाही, ही पहिली. सेल्फ फिरतो पण दमल्यासारखा, ही दुसरी. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारी विजेच्या आहेत, तिसरी डिझेलची. गॅरेजला फोन करण्यापूर्वी एवढे नीट सांगता आले तरी निम्मे काम होते.

तिसऱ्या तक्रारीत बहुतेक वेळा डिझेल लाइनने हवा धरलेली असते. टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये फिल्टरजवळ आणि रिटर्नच्या बाजूला रबरी नळ्यांचे छोटे तुकडे असतात. वर्षांनुवर्षे इंजिनच्या उष्णतेत राहून ते कडक होतात आणि क्लिपखाली बारीक तडे पडतात. त्या तड्यातून डिझेल गळतेच असे नाही. लाइनमध्ये ओढ असल्यामुळे बाहेरची हवा आत शिरते आणि खाली थेंबही दिसत नाही. रात्रभरात हवा शिरून लाइनमधले डिझेल टाकीकडे उतरते. सकाळी पंपाला आधी हवा ओढावी लागते, म्हणून सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. एकदा लाइन भरली की दिवसभर काही त्रास नसतो.

याची परीक्षा फुकट होते. एका रात्री गाडी नाक उताराकडे करून उभी करा, म्हणजे टाकी इंजिनपेक्षा उंच राहील. सकाळी गाडी एका झटक्यात चालू झाली, आणि दुसऱ्या दिवशी नाक चढाकडे केल्यावर पुन्हा रुसली, तर दोष हवेचा आहे हे जवळपास नक्की. फिल्टरवरचा हातपंप दोन-चार वेळा दाबल्यावर लगेच चालू होत असेल तर तेच. मग पंप खोलायचे काम नाही. सगळ्या रबरी नळ्या, क्लिपा आणि फिल्टरचे वॉशर बदलायचे. सामानाचा खर्च काही शे रुपये.

हवा नसेल तर हीटर प्लग बघावेत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते. निफाडच्या डिसेंबरमध्ये थंड सिलिंडर ही उष्णता शोषून घेतो, म्हणून सुरुवातीला हीटर प्लग मदतीला असतात. चारपैकी एखादा जळाला तर गाडी चालू होते, पण पहिले मिनिटभर थरथरते आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर टाकते. प्लगची वायर सोडवून मीटरने रोध मोजला की कळते. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. मे महिन्यात मात्र प्लगला दोष देण्यात अर्थ नाही.

बॅटरी बदलली, तरी तेच

दुसरी तक्रार, म्हणजे दमलेला सेल्फ. यावरचा रूढ उपाय नवी बॅटरी. ती टाकल्यावर आठ दिवस बरे वाटते आणि मग गाडी पुन्हा मूळ पदावर येते. त्यानंतर सेल्फ उतरवला जातो, कार्बन बदलले जातात, डायनामोवर संशय जातो. अशा वेळी बॅटरीपासून इंजिन आणि चासीकडे जाणारी जाड अर्थिंगची पट्टी कोणी वळूनही बघत नाही, कारण ती जागेवर दिसते आणि हाताला घट्ट लागते.

डिझेल गाडीचा सेल्फ फिरताना दोनशे-तीनशे अँपिअर करंट ओढतो. तेवढा करंट परत बॅटरीकडे याच पट्टीतून येतो. पट्टीच्या टोकाशी गंज चढून ओहमचे पाच हजारांश भाग जरी रोध निर्माण झाला, तरी तीनशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. एवढा सूक्ष्म रोध साधा मीटर ओहमच्या खुणेवर दाखवूच शकत नाही. तिथे तो ‘शून्य’ म्हणतो आणि वायरमन पुढे सरकतो. म्हणून ही मोजणी भार असतानाच करायला हवी.

मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या एखाद्या बोल्टवर टेकवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. दोन-तीन दशांश व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब आहे. मग लाल पिन एकेक टप्पा मागे आणा: पट्टीच्या इंजिनकडच्या टोकावर, मग चासीच्या बोल्टवर, मग बॅटरीच्या क्लॅम्पवर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम खाली येतो, गंज तिथेच. बोल्ट काढायचा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमकवायचे, पुन्हा आवळायचे आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचे. तशीच मोजणी पॉझिटिव्ह बाजूनेही करता येते.

हाच मीटर बॅटरी आणि डायनामोची खरी स्थितीही सांगतो. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळाले तर डायनामो ठीक आहे. हेडलाइट मंद पेटणे, इंडिकेटर लावल्यावर दुसराच दिवा लुकलुकणे, डिझेलचा काटा ब्रेक दाबल्यावर हलणे अशा भुताटकी वाटणाऱ्या तक्रारींमागेही अर्थिंगच असते. पावसाळ्यात त्यात उंदरांची भर पडते. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे बॉनेट उघडून वायरिंगवर एक नजर टाकणे, ही सवय महाराष्ट्रात तरी सर्व्हिसिंगइतकीच कामाची.

घाटात तापणारी गाडी

सपाटीवर काटा मध्यावर राहतो आणि घाट चढताना लाल रेघेकडे जातो, ही जुन्या गाडीची दुसरी हुकमी तक्रार. इथे पहिला संशय हेड गॅसकेटवर घेतला जातो. त्याआधी तीन स्वस्त गोष्टी बघायच्या असतात: रेडिएटरचे झाकण, थर्मोस्टॅट आणि फॅन.

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. त्यातली स्प्रिंग आणि रबरी वॉशर आत साधारण एक बार जास्तीचा दाब धरून ठेवतात. त्यामुळे साधे पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. वॉशर कडक झाला की हा दाब टिकत नाही. त्यातच उंची वाढेल तसा उत्कलनबिंदू घसरतो, दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटरवरच्या महाबळेश्वरला उघड्या भांड्यातले पाणी 95-96 अंशांनाच उकळते. म्हणजे वाईत निमूटपणे चालणारी गाडी पसरणीचा घाट चढून गेल्यावर वाफ सोडू लागली, तर त्यामागे काही शे रुपयांचे झाकण असू शकते. गरम इंजिनचे हे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच आतले पाणी क्षणात उकळते आणि तोंडावर उडते.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट. गॅरेजमध्ये त्याला ‘वॉल’ म्हणतात. त्याच्या आत एक मेणाची कुपी असते. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, मेण वितळून फुगले की उघडतो. तो अडकला की गाडी तापते, आणि आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे तो काढून फेकून देणे. ‘आपल्या हवेत वॉल लागत नाही’ हे वाक्य अनेक गॅरेजमध्ये ठामपणे ऐकवले जाते. वॉल काढल्यावर इंजिन तापत नाही हे खरे, पण ते गरमही होत नाही. थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही, ॲव्हरेज घटते, ऑइल लवकर खराब होते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत वॉलच पाण्याच्या वाटेची अदलाबदल करतो. तो नसला तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते आणि चढावर गाडी आणखी तापते.

वॉल खराब आहे की नाही, हे स्वयंपाकघरात कळते. त्याच्या कडेवर अंश कोरलेले असतात, बहुधा 82 किंवा 88. तो दोऱ्याने बांधून पाण्याच्या भांड्यात असा सोडा की तळाला टेकणार नाही. सोबत थर्मामीटर ठेवा आणि गॅस मंद लावा. चांगला वॉल कोरलेल्या अंशांच्या आसपास हळूहळू जबडा उघडू लागतो, पाणी उकळेपर्यंत चांगला अर्धा-पाऊण सेंटिमीटर उघडतो आणि गार पाण्यात टाकल्यावर घट्ट मिटतो. उकळत्या पाण्यातही मिटलेला राहिला किंवा गार झाल्यावर फट राहिली, तर नवा आणावा. जुना फेकून मोकळी जागा ठेवू नये.

तिसरी गोष्ट फॅन. यातल्या अनेक गाड्यांच्या फॅनमागे सिलिकॉनचा दाट द्रव भरलेला क्लच असतो. गरम हवा लागली की तो द्रव फॅनला घट्ट धरतो. द्रव गळून गेला की फॅन फिरताना दिसतो पण हवा ओढत नाही. गरम इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवून बघावा. जड लागला पाहिजे. मोकळाच गरगर फिरला तर क्लच गेला. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमधल्या फटीत साचलेले गवत, चिखल आणि किडे हाही याच खात्यातला दोष. तो समोरून दिसत नाही.

हे सगळे ठीक निघाले तरच हेड गॅसकेटचा विचार. गार इंजिनचे झाकण उघडून गाडी चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, कुलंट कुठेही न गळता कमी होत गेले, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला, तर संशय पक्का होतो.

एवढे होऊन रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतले तर सगळे मुसळ केरात. दख्खनच्या बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी हंड्यात जशी पुटे धरते तशीच इंजिनातल्या पाण्याच्या वाटांतही धरते. कुलंटमधल्या ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू वाढतो आणि त्यातली रसायने गंज रोखतात. ही रसायने वर्षांच्या हिशेबाने संपतात. म्हणून गाडी थोडी चालली तरी पुस्तकात दिलेल्या मुदतीत कुलंट बदलावे आणि त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. हिरव्यात लाल मिसळू नये, कारण त्यांतली रसायने वेगळी असू शकतात. रंगावरून प्रकार ठरवणेही धोक्याचेच, डब्यावरचे वाचावे.

धूर आणि आवाज

धुराचा रंग हा फुकटचा रिपोर्ट आहे, फक्त तो कधी निघतो हेही लक्षात घ्यायला हवे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर, काजळीने भरलेला ईजीआर वॉल्व्ह किंवा खराब नोझल. टर्बो गाडीत आधी टर्बोपासून इंजिनपर्यंतचे रबरी होज बघावेत. ते क्लिपजवळ चिरतात. गाडी ओढत नाही, काळा धूर निघतो, चढावर ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि चिरेभोवती तेलकट धूळ चिकटलेली सापडते. ही चिन्हे असताना टर्बोच बदलायला निघणारे गॅरेज बदलावे.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी एकदाच भपकारा आला आणि थांबला, तर बहुधा वॉल्व्ह सील. म्हणजे पुन्हा रबरच. चढावर सतत निळा धूर आणि ऑइल भरण्याच्या तोंडातून भकाभका वाफ, हे मात्र पिस्टन-रिंगचे लक्षण. तिथे लोखंड खरोखर झिजले आहे.

आवाजाचेही तसेच. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना खालून ‘ठक्’ झाले तर प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट क्रॉस. वेळच्या वेळी ग्रीस भरले असते तर तो आणखी वर्षे टिकला असता. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर डावे-उजवे वळण घेताना कमी-जास्त झाली तर व्हील बेअरिंग. छोट्या खड्ड्यात ‘खडखड’, मोठ्या खड्ड्यात शांत, तर स्टॅबिलायझरची लिंक रॉड किंवा तिचे बुश. पाट्यांचे बुश गेले की गाडी वळणावर मागून पोहते. इथे पुष्कळ जण शॉकअप्सॉर्बर बदलून मोकळे होतात आणि चाळीस-पन्नास रुपयांचे बुश तसेच राहतात. बॉडी आणि चासीमधले माउंट तर पंधरा वर्षांत कोणी बघितलेलेच नसतात. ते चेपले की दरवाजे वाजतात, नीट बसत नाहीत, आणि लोक कडी-कोयंडे बदलत बसतात.

एक दोष तर खास फसवा. मागच्या डिफरन्शियलमधून ऑइल गळते, सील बदलतात, दोन महिन्यांत पुन्हा गळते, पुन्हा सील. ॲक्सलच्या वर एक बोटभर उंचीचा ब्रीदर असतो, तो चिखलाने बुजलेला असतो. चालताना आतली हवा तापून फुगते, बाहेर पडायला वाट नसली की ऑइलला सीलमधून ढकलते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला की गळती थांबते. उलटही होते: पावसाळ्यात तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. अशा प्रवासानंतर डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून बघावा. ऑइल दुधट निघाले तर लगेच बदलावे.

2005 नंतरच्या कॉमन रेल गाड्यांना स्कॅनर लागतो. तो उपयोगी आहे, पण तो तक्रार सांगतो, दोषी सांगत नाही. पी0087 हा कोड म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी आहे, एवढेच. तो फिल्टर चोंदल्याने कमी झाला असेल, लाइनमध्ये हवा शिरल्याने, एखादा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत असल्याने, नाहीतर पंप थकल्याने. शहाणा मेकॅनिक चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून चार बाटल्यांत डिझेल जमा करतो. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली की दोषी सापडला. कोड वाचून थेट पंप बदलायला सांगणाऱ्याने ही बाटल्यांची पायरी गाळलेली असते.

जिथे काटकसर चालत नाही

ब्रेक ही मात्र ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्याची जागा नव्हे. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा 140 पर्यंत खाली येते. डॉट 4 ची हीच मर्यादा 230 आणि 155. कोकणच्या दमट हवेत दोन वर्षे राहिलेल्या ऑइलने भरलेली गाडी कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले, तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल अचानक खाली जाते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावे, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणे हा तर आत्मघात. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी आपोआप पोकळी तयार होत नाही. ब्रेकच्या बूस्टरला पोकळी पुरवणारा व्हॅक्यूम पंप इंजिनवरच चालतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. आणि बचत तरी कुठे? गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनला डिझेल जवळजवळ मिळतच नाही. बूस्टरची परीक्षा रोज करता येईल अशी आहे. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे.

ब्रेकचे रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून वाट अडवतात. दाब जातो पण परत येत नाही, एक चाक धरून राहते. थोडे चालवल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघावा. एकच चाक जास्त तापले असेल तर त्याचे होज आणि कॅलिपर तपासावेत. टायरची तारीखही वाचावी. कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. कडेला बारीक भेगा दिसल्या की नक्षीकडे बघून मोह धरू नये.

कागद, हिशेब आणि चासी

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 वर गेले, शिवाय राज्याचा पर्यावरण कर असतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या गाड्या कमी किमतीत इकडे येऊ लागल्या. घेताना एनओसी आणि चासी नंबर ताडून बघावा. रंगाला भुलू नये.

जुनी गाडी हाती आली की पहिल्या महिन्यात दोष शोधत बसण्याऐवजी सगळे द्रव, सगळे फिल्टर, पट्टे, पाण्याचे आणि डिझेलचे होज, दोन्ही अर्थिंगच्या पट्ट्या एकदाच बदलाव्यात. इंजिन ऑइल सगळे बदलतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलचे ऑइल मात्र पुष्कळ गाड्यांत कारखान्यातून आले तेच असते. यानंतर जो दोष उरेल तोच खरा. तो शोधताना एका वेळी एकच भाग बदलावा आणि तारीख, किलोमीटर, खर्च वहीत लिहावा. दोन भाग एकदम बदलले तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुने भाग स्वस्त मिळतात. दरवाजा, आरसा, सीट खुशाल घ्या, पण ब्रेकचे आणि रबराचे काहीही जुने घेऊ नये. पंधरा वर्षांचे रबर काढून बारा वर्षांचे बसवण्यात काही हशील नाही.

मग थांबायचे कधी? इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, बॉडीचा पत्राही डेंटर नवा लावतो. चासी सडली की प्रश्न वेगळा होतो. चासीच्या पोकळ बाजूंत तांबडी माती साचते, पाणी निघायची भोके बुजतात आणि लोखंड आतून गंजते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत खारा वारा त्यात भर घालतो. वरून फासलेले डांबरी कोटिंग हा गंज झाकते, थांबवत नाही. दर पावसाळ्यानंतर गाडी रॅम्पवर घेऊन ही भोके तारेने मोकळी करावीत आणि आत पाण्याचा फवारा मारावा. मग छोट्या हातोडीने चासीभर ठोकत जावे, विशेषतः मागच्या ॲक्सलच्या वरची कमान, पाट्यांचे हँगर आणि बॉडी माउंटच्या जागा. ‘ठण्’ वाजले तर धातू आहे. ‘भद्द’ वाजले आणि स्क्रूड्रायव्हर आत रुतला, तर तिथे पत्र्याचा पापुद्रा उरला आहे. एखाद्या ठिकाणी जाणकाराकडून पट्टी जोडून घेता येते. हँगरच्या जागा आणि कमान दोन्हीकडून गेल्या असतील, तर वेल्डिंगवर भरवसा ठेवून त्या गाडीत माणसे बसवू नयेत. तिथून पुढे नवे इंजिन टाकणेही वाया. त्या गाडीचे चांगले भाग विकावेत, उरलेली गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. चासी शाबूत असेल, तर बाकीची म्हातारपणे बहुतेक पाना, मीटर आणि थोडे नवे रबर यांवर निभावतात.